तीस सेकंद आणि सहा दिवे

बास्केटबॉलचा सामना बघायला आलेला माणूस चेंडूकडे बघतो, खेळाडूंकडे बघतो आणि मनासारखं झालं नाही की पंचाकडे बघून दोन शब्द सुनावतो. बाजूच्या टेबलामागे घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाकडे तो बघत नाही, आणि ते बरंच आहे. प्रेक्षकांना आपलं नाव कळलं, म्हणजे त्या सामन्यात काहीतरी गडबड झाली असं समजावं. पंधराएक वर्षं मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या महाविद्यालयांच्या सामन्यांना टेबलावर बसलो. त्यात माझं नाव लोकांना एकदाच कळलं. ती हकीकत सांगायची आहे, पण आधी थोडं घड्याळाबद्दल.

पोटापाण्याची नोकरी वेगळी होती, पण तीही घड्याळाचीच. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी टाइम स्टडी खात्यात होतो. म्हणजे कामगाराच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि एक नग करायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. नग उचलणं, मशीनवर बसवणं, कापणं, काढून ठेवणं, प्रत्येक हालचालीचे सेकंद वेगळे लिहायचे. त्यावरून दिवसाचं काम ठरायचं. या नोकरीत मित्र मिळत नाहीत. मी खात्यात शिरलो की बोलणी थांबायची आणि हात मंदावायचे. दीड मिनिटाचं काम माझ्यासमोर अडीच मिनिटं चालायचं. त्यात त्यांचंही चुकत नव्हतं. आज जोरात केलं तर उद्यापासून रोज तेवढंच करावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

ड्रॉइंग ऑफिसमधला एक सहकारी बास्केटबॉलचा पंच होता. एका रविवारी तो मला म्हणाला, "दामले, तुमच्याकडे चांगलं घड्याळ आहे आणि तुम्हाला गप्पा मारायची सवय नाही. चला माझ्याबरोबर." अशा रीतीने मी टेबलावर गेलो. आयुष्यात मी स्वतः एकदाही चेंडू बास्केटमध्ये टाकलेला नाही. पण तिथे गेल्यावर एक गंमत लक्षात आली. कारखान्यात घड्याळ दिसलं की माणसं मंद होतात, मैदानावर घड्याळ दिसलं की पळू लागतात. घड्याळ तेच, माझा अंगठा तोच. या एका गोष्टीने माझं मन बास्केटबॉलमध्ये अडकलं.

आता तो तीस सेकंदांचा नियम. चेंडू तुमच्या संघाकडे आला की तीस सेकंदांत तुम्ही बास्केटवर मारा केला पाहिजे. तीस सेकंद संपले तेव्हा चेंडू अजून हातात असेल तर तो काढून समोरच्या संघाला देतात. इतकाच नियम. तो नियमपुस्तकात पूर्वीपासून होता. पण आमच्याकडे स्पर्धेच्या आमंत्रणपत्रात तळाला एक ओळ हमखास छापलेली असायची: "तीस सेकंदांचा नियम लागू राहणार नाही." कारण सरळ होतं. तो पाळायला खेळाडूंना दिसेल असं घड्याळ लागतं आणि तसलं यंत्र कोणाकडे नव्हतं. ही ओळ इतकी वर्षं छापली जात होती की हाच नियम आहे असं पुष्कळांना वाटायचं.

या ओळीचा पुरेपूर उपयोग कोणी केला असेल तर कल्याणच्या एका महाविद्यालयाच्या कांबळेसरांनी. ते तिथे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. बारीक अंगाचे, नेहमी पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांच्या संघात उंच मुलगा एकही नव्हता. होता तो रवी भोईर, खडवलीचा. उंची बेताची, पण चेंडू टप्पे देत नाचवायला लागला की दोन-दोन माणसांना तो हाती लागायचा नाही. सरांचं तंत्र ठरलेलं होतं. कसेबसे दोन गुण पुढे जायचं आणि मग चेंडू भोईरकडे द्यायचा. भोईर टप्पे देत फिरायचा, कोणी अंगावर आलं की पास, परत भोईर, परत फेरी. पाच मिनिटं, सात मिनिटं. एका वर्षीचा अंतिम सामना त्यांनी एकोणीस विरुद्ध सतरा असा जिंकला आणि विजेत्याची ढाल नेली. चाळीस मिनिटांच्या खेळात दोन्ही संघांचे मिळून छत्तीस गुण. शेवटच्या टप्प्यात अर्धे प्रेक्षक उठून भेळेच्या गाडीवर गेले होते. खाऊन परत आले तरी गुणफलकावरचा आकडा तोच.

"सर, तुमचा सामना बघताना भाताला दोन उकळ्या येतील," मी त्यांना म्हणालो होतो.

ते शांतपणे म्हणाले, "दामले, ढाल हातात आहे ना? मग येऊ द्या उकळ्या."

ते हट्टाने जिंकत होते त्याला कारण होतं. त्यांच्या महाविद्यालयाच्या आवारात बास्केटबॉलचं कोर्ट सरांनीच मागे लागून करवून घेतलं होतं. प्राचार्यांना ती जागा स्कूटर स्टँडसाठी हवी होती. प्राचार्य पदार्थविज्ञानाचे, हिशेबी माणूस. त्यांचा हिशेब असा, की कोर्टावर खेळतात दहा मुलं आणि स्कूटरवर येतात त्याच्या चौपट प्राध्यापक. ढाल आल्यावर मात्र त्यांना वर्षभर गप्प बसावं लागायचं, कारण ढाल त्यांच्याच केबिनमध्ये ठेवली जायची. पण त्या वर्षी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कांबळे, यंदा ढाल नाही आली तर उन्हाळ्यात तिथे पत्रे चढतील."

आणि ही ढाल ज्या नौपाड्याच्या स्पर्धेची, तिच्या आमंत्रणपत्रातून नेमकी त्याच वर्षी ती छापील ओळ निघाली. काढायला लावणारा मीच.

समितीच्या बैठकीत मी आकडे ठेवले. सामना सुरू होताना प्रेक्षक किती, संपताना किती, मी प्रत्येक वेळी मोजत होतो. अध्यक्ष म्हणाले, "नियम आणायला आमची ना नाही. पण यंत्र कुठून आणायचं? मुंबईहून भाड्याने मागवायची आपली ऐपत नाही."

मी म्हणालो, "मी करून आणतो." बोलून गेलो आणि मग विचार करत बसलो.

आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला एक इलेक्ट्रिशियन होता, नारायण तांडेल, चेंदणी कोळीवाड्यातला. हाताला कसब असं की जळालेली मोटर त्याच्याशी बोलू लागेल. पण दोन वर्षांपूर्वी मी त्याचा टाइम स्टडी केला होता आणि तेव्हापासून तो मला बघून मान फिरवायचा. मी त्याच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो.

"काय साहेब," तो वर न बघता म्हणाला, "आज काय मोजताव? मी पानी पितो किती टायमात, ते?"

"तांडेल, मला एक वस्तू करून हवी आहे. कारखान्याची नाही."

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "तीस सेकंद मोजाचे आन लोकान्ला लांबशी दिसाया पायजे. आकडं फिरवाचं मशीन नाय जमाचं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "सहा दिवं लावू. पाच-पाच सेकंदाला येक इझवाचा. सगलं इझलं का खेळ खलास."

मला हे सुचलं नव्हतं. त्याने लाकडी खोकं केलं, आतून काळा रंग मारला म्हणजे उन्हातही दिवे उठून दिसावेत. सहा खणांत सहा लाल दिवे, मागे सहा बटणं आणि बटणांवर एक आडवी पट्टी. पट्टी दाबली की सहाही दिवे एकदम लागायचे. म्हणजे मारा झाला की पट्टी, आणि नवा हिशेब सुरू. शिवाय एक विजेची घंटा, शेवटच्या दिव्याबरोबर वाजवायला.

त्याची चाचणी आम्ही वर्तकनगरला माझ्या घरी घेतली. मी स्टॉपवॉच बघून "पाच, दहा, पंधरा" म्हणायचो आणि तांडेल बटणं दाबायचा. चौथ्या फेरीला शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं की तुमच्याकडे आत्ताच दिवाळी कशी. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्या भावोजींना चहा तरी घेऊ द्या. का त्यालाही तीस सेकंद?"

तांडेल मोठ्याने हसला. दोन वर्षांनी प्रथमच. "वयनी, या मानसाच्या घरान तुमी दिवस कसं काढलं?"

"मोजून," ती म्हणाली.

तो म्हणाला, "सामन्याला मीच येनार बटनं दाबाला. साहेबानं माजं सेकंद मोजलंन, आता त्याचं सेकंद माज्या बोटावर."

नियमाची बातमी कल्याणला पोचली आणि त्याच आठवड्यात कांबळेसर माझ्या घरी आले. खुर्चीवर बसले, पण टेकून बसले नाहीत.

"दामले, तुम्ही माझं कोर्ट घालवलंत."

मी म्हणालो, "सर, नियम पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे हो. पण माझी मुलं उंच नाहीत, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मग हळूच म्हणाले, "भांडायला नाही आलो. शिकायला आलोय. तीस सेकंदांत काय काय होतं ते तुम्ही मोजता. मला दाखवा."

मी लगेच हो म्हणालो नाही. टेबलावर बसणाऱ्या माणसाने एका संघाला शिकवणं बरोबर दिसत नाही. म्हणून आधी मी ठाण्याच्या संघाच्या प्रशिक्षकांना जाऊन भेटलो. त्यांचा संघ सर्वांत ताकदीचा, दोन मुलं सहा फुटांच्या वर. मी म्हणालो, "मी कल्याणला घड्याळ घेऊन जाणार आहे. तुम्हाला हवं तर तुमच्याकडेही येतो, तितकेच रविवार."

ते हसले. "अहो दामले, आमची पोरं दहा सेकंदांत शूट करतात. तीस सेकंदांचं आम्हाला काय कौतुक?"

तेही खरंच होतं, आणि लोकांना या नियमाबद्दल हीच गोष्ट कळत नाही. जो संघ मुळातच वेगाने खेळतो त्याला हा नियम स्पर्शसुद्धा करत नाही. तो फक्त पुढे असलेल्या संघाला पकडतो, ज्याला आता काही घडू द्यायचं नाही त्याला.

असो. मी समितीला सांगून कल्याणला गेलो. कोर्टाच्या एका कडेला खरोखरच दहा-बारा स्कूटर लावलेल्या होत्या, मुलं त्यांना चेंडू लागू नये म्हणून त्या बाजूला जपून खेळायची. मी मुलांना ओळीत उभं केलं आणि म्हणालो, "डोळे मिटा. तीस सेकंद झाले असं वाटलं की हात वर करा."

पहिला हात अठराव्या सेकंदाला वर आला. पंचविसाव्यापर्यंत एक सोडून सगळे. भोईरचा हात अडतिसाव्याला.

सगळे हसले. भोईर म्हणाला, "काका, खडवलीला वारा जास्त हाय, घड्याळ हळू चालतं."

मग मी कारखान्यात करायचो तसे तुकडे पाडले. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात नेणं, सहा ते आठ सेकंद. एक पास, एक ते दीड. मागे जाऊन पुन्हा पुढे येणं, चार. मुलांना पटलं की तीस सेकंद पुष्कळ असतात, आठ-नऊ पास आरामात बसतात. पहिल्या दिवशी घाई करून ती वेडेवाकडे मारे करत होती, तिसऱ्या रविवारी पंचविसाव्या सेकंदाला शांतपणे मारू लागली. सर बाजूला हाताची घडी घालून उभे होते. एकदम माझ्याकडे वळले.

"दामले, तीस सेकंद त्यांनाही आहेत ना?"

"नियम सगळ्यांना सारखा, सर."

"म्हणजे मी त्यांच्याकडून चेंडू हिसकावायला नको. नुसतं तीस सेकंद मारू द्यायचं नाही. चेंडू पंच आणून देणार!" त्यांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "भोईर, इकडे ये! आजपासून चेंडू सांभाळायचा नाही. तीस सेकंद सांभाळायचे!"

त्यानंतर त्यांनी आक्रमण शिकवणं जवळजवळ बंद केलं. मुलं नुसती समोरच्याला चिकटून पळत होती, हात पसरून, तीस सेकंद, पुन्हा तीस सेकंद. उंची नव्हती, पण ती मुलं सायकली मारत आणि शेतातून चालत येणारी होती. दम भरपूर होता.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन दिवसांत गोंधळही झाले. एका सामन्यात चौथा दिवा उडाला आणि डोंबिवलीच्या एका खेळाडूला वाटलं आपले पाच सेकंद कोणी खाल्ले. तो खेळ सोडून टेबलाशी आला, "काका, माझे पाच परत द्या!" दुसऱ्या संघाचे एक प्रशिक्षक दर मिनिटाला येऊन विचारायचे, "दिवे जरा हळू विझवता येतील का?" तांडेल त्यांना म्हणाला, "साहेब, पंख्याचा रेगुलेटर नाय हा." एकंदरीत गुण वाढले. चाळिशी-पन्नाशी सहज होऊ लागली. पण मी सगळं छान झालं असं म्हणणार नाही. वेग वाढला तशी घाईही वाढली. चांगले, विचार करून केलेले डाव कमी झाले आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला डोळे मिटून मारलेले चेंडू पुष्कळ झाले. जुन्या संथ खेळात भोईरसारख्या मुलाचं टप्पे देणं बघायला मिळायचं, ते एक सुख होतं. ते गेलं. पण प्रेक्षक मात्र शेवटपर्यंत बसू लागले. भेळवाल्याने माझ्याकडे तक्रार केली.

अंतिम सामना ठाणे विरुद्ध कल्याण. दोन्ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. कल्याणचे प्राचार्य मांडीवर वर्तमानपत्र घेऊनच बसले, आमच्या टेबलाच्या अगदी शेजारी. बास्केटबॉलचा सामना त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

पहिल्या अर्ध्यात ठाण्याच्या प्रेक्षकांनी एक युक्ती काढली. कल्याणकडे चेंडू आला की दोनच दिवे विझलेले असताना सगळे मिळून ओरडायचे, "पाच! चार! तीन! दोन!" कल्याणचा एक मुलगा घाबरला आणि त्याने मध्यरेषेवरूनच चेंडू भिरकावला. तो कुंपणापलीकडे एका वकिलांच्या अंगणात गेला. सगळा नौपाडा हसला. अर्धा खेळ संपला तेव्हा ठाणे अकरा गुणांनी पुढे होतं.

विश्रांतीत कांबळेसर आमच्या टेबलाजवळच मुलांना सांगत होते, "लोक काय मोजतात ते ऐकायचं नाही. ते तुमचे कोणी नाहीत. स्वतः मोजा आणि दिवे बघा." मग खालच्या आवाजात, "आणि तिकडे पेपर वाचतायत ते बघा. पत्र्यांचे भाव वाचतायत."

दुसऱ्या अर्ध्यात कल्याणची मुलं अंगाला चिकटली. ठाण्याची सहाफुटी मुलं फिरत राहिली, पास देत राहिली, वाट मिळेना. एक दिवा, दोन, तीन. दहा सेकंदांत मारणाऱ्या संघाला अकराव्या सेकंदानंतर काय करायचं ते ठाऊकच नव्हतं. सहावा दिवा विझला, घंटा वाजली, पंचांनी शिट्टी मारून चेंडू कल्याणला दिला.

प्राचार्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय झालं? आमच्या मुलांनी तर काहीच केलं नाही."

"साहेब, तेच केलं," मी म्हणालो. "आता बोलू नका, दहा."

"काय दहा?"

"साहेब, गप ऱ्हावा," तांडेल म्हणाला. "पंधरा."

मग ते दिव्यांकडे बघू लागले. दुसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघालं. तिसऱ्यांदा ते उभेच राहिले, आणि वर्तमानपत्र वाऱ्याने कोर्टाकडे गेलं तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. अकराचे सात झाले, सातांचे तीन. शेवटच्या मिनिटाला ठाणे बावन्न, कल्याण एक्कावन्न. एकोणचाळीस सेकंद उरले असताना चेंडू कल्याणकडे आला.

हिशेब उघड होता. लवकर मारला तर ठाण्याला उत्तर द्यायला वेळ उरणार. म्हणून अगदी शेवटी मारायचा. चेंडू भोईरकडे गेला. तो टप्पे देत फिरू लागला. पाच, दहा, पंधरा. ठाण्याचा सर्वांत उंच मुलगा त्याच्यासमोर हात पसरून उभा होता, आणि आमचं खोकं नेमकं त्या मुलाच्या पाठीमागे आलं होतं. वीस. पंचवीस. प्रेक्षक ओरडू लागले, "पाच! चार! तीन!" दिवसभर खोटं मोजणाऱ्या लोकांनी या एकाच वेळी खरं मोजलं. भोईरने ऐकलं नाही. कसं ऐकेल? सरांनीच सांगितलं होतं.

"तीस," मी म्हणालो. दिवा विझला, घंटा वाजली. चेंडू भोईरच्या हातात होता, डोक्याच्या वर, सुटण्याच्या बेतात. मग तो सुटला आणि जाळीला न लागताच आत गेला.

कल्याणची मुलं नाचू लागली. पंच टेबलाकडे आले. "दामले, घंटेला चेंडू हातात होता का सुटला होता? मला हातातच दिसला."

कांबळेसर पाच फुटांवर होते. माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हातात होता."

पंचांनी दोन्ही हात हलवून बास्केट रद्द केलं. चेंडू ठाण्याला. उरलेले नऊ सेकंद त्यांनी सहज काढले. कल्याण एका गुणाने हरलं.

भोईर कोर्टावर बसला तो उठेना. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि बघत होते कुठेतरी लांब, बहुधा उन्हाळ्यातल्या पत्र्यांकडे. मी घड्याळ पुसत होतो. ते पुसायची काही गरज नव्हती.

तेवढ्यात टेबलावर हात आपटला. कल्याणचे प्राचार्य. चेहरा लाल.

"तुमचं नाव काय?"

"दामले."

"दामले, हा सरळ अन्याय आहे. माणसाच्या अंगठ्याला घड्याळ दाबायला वेळ लागतो की नाही? पाव सेकंद तरी?"

"साधारण पाचवा हिस्सा, साहेब. पण घड्याळ सुरू करतानाही तेवढाच उशीर होतो. दोन्ही कटतात."

"कटतात. बरं. आणि यांच्या बोटाचं काय?" त्यांनी तांडेलकडे बोट दाखवलं. "तुम्ही म्हणणार, मग हे ऐकणार, मग दाबणार!"

"त्यानं जो उशीर झाला तो तुमच्याच पोराला मिलला," तांडेल म्हणाला. "तरी तो उभा तो उभाच."

"उभा नव्हता! चेंडू बोटांच्या टोकावर होता! मी बघितलंय! तळव्याचा संपर्क सुटला होता!" आता भोवती गर्दी जमली होती आणि "दामले कोण, दामले कोण" असं लोक विचारत होते. प्राचार्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आणा ते स्टॉपवॉच. लावून बघू दोन्ही."

आम्ही खरोखर लावून बघितलं. गर्दी मोठ्याने मोजत होती. दोन्ही घड्याळं बरोबर निघाली, त्यामुळे ते जास्तच चिडले.

"ठीक आहे! पण एकच खोकं एका बाजूला ठेवता म्हणजे काय? आमच्या मुलाला दिसणार कसं? पुढच्या वर्षी या आमच्या कोर्टावर. मी दोन खोकी लावतो, दोन्ही टोकांना, आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या घड्याळाने खेळवतो. मग बघू!"

माझ्या कोटाची बाही कोणीतरी ओढली. कांबळेसर होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"दामले," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हे आत्ता 'आमच्या कोर्टावर' म्हणाले ना?"

"म्हणाले."

"पुढच्या वर्षी म्हणाले ना?"

"म्हणाले, सर. सगळ्यांनी ऐकलं."

"मग त्यांच्याशी वाद घालत राहा. गप्प बसू नका. अजून दोन मिनिटं भांडलात तर ते मला बाजूला प्रेक्षकांसाठी पायऱ्यासुद्धा बांधून देतील."

मी वळलो आणि म्हणालो, "साहेब, तळव्याचा संपर्क सुटला तरी बोटं हाताचीच असतात."

"काय म्हणालात?" प्राचार्य खुर्ची ओढून टेबलाशी बसले. "बसा. कागद द्या इकडे."